रुसवीचा कागद

माझं नाव शहरातल्या एका लोखंडी कपाटात आहे. कागदावर, शाईनं, सौभाग्यवती लावून. आमच्या हुलगेवाडीत चार सरपंच होऊन गेले, त्यांतल्या एकाचंही नाव त्या कपाटात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मिरवण्यासारखं काही उरत नाही.

अठ्ठ्याण्णव सालचा भाद्रपद होता. मी तेवीस वर्षांची, मालन पोटात. तांबडटेकावरून गवताचा भारा घेऊन उतरत होते. ओढ्याजवळ एक प्राध्यापक आडवे आले. आगाशे त्यांचं नाव. पाठीवर दोन फळ्या पट्ट्यानं आवळलेल्या आणि मध्ये वर्तमानपत्रांची चळत. मला वाटलं, रद्दीवाला वाट चुकला.

"बाई, हे गवत कुठलं?" त्यांनी भाऱ्याच्या बंधाला हात लावला. बंध मुळासकट उपटलेल्या लांब गवताचा पिळून केला होता, मुळांना माती तशीच.

आता आमच्या धनगराच्या घरची रीत सांगायला हवी. परक्यानं रान विचारलं तर खरं सांगायचं नाही. आज एक माणूस विचारतो, उद्या त्याच्यामागं दहा कळप येतात. शेजारचं रान सांगायचं, तोंड सरळ ठेवायचं आणि बोट करून दाखवायचं. नुसतं सांगितलं तर माणूस शंका घेतो. बोट दाखवलं की त्याच वाटेनं चालायला लागतो. ही विद्या घरातलं पोरगं बोलायला लागलं की त्याला देत असू, लेकीलासुद्धा.

बाकीची विद्या लेकीला नाही. टेकावर कुठलं गवत कुठं आणि कधी चारायचं, ते सासूनं सुनेला सांगायचं. लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्याबरोबर रान कशाला पाठवायचं? टेकावर मेंढरं न्यायचा मान घरच्या सुनेचा.

म्हणून मी बोट केलं. ते माझ्या नणंदेच्या सासरकडं, कारंडीच्या माळाकडं. वन्सं आणि माझं तेव्हा बोलणं बंद होतं. म्हटलं, जाऊ देत रद्दीवाले तिच्या माळावर.

"नाव काय या गवताचं?"

खरं नाव रुसवी. तेही रानाचंच नाव, परक्याला कसं द्यायचं? मी म्हटलं, "गोडी."

त्यांनी बंधातली चार ताटं सोडवून घेतली, वर्तमानपत्राच्या घडीत लेकरू निजवावं तशी निजवली आणि वहीत लिहिलं. मग माझं नाव विचारलं. ते मात्र मी खरं सांगितलं.

मालन सहा वर्षांची झाली तोवर मोठा दुष्काळ पडला. त्यात टेकावरची रुसवी पार गेली. बी सुद्धा राहिलं नाही. सासू गेली, नवरा गेला. मालनला मी तिच्या आत्याच्याच घरी दिली, कारंडीला. वन्संशी भांडण होतं म्हणून काय झालं, आत्याच्या पोराचा हक्क पहिला. गवताचं नावसुद्धा मी विसरून गेले होते, असं म्हणायला बरं वाटतं. विसरले नव्हते.

बावन्न वर्षांनी, म्हणजे दोन हजार पन्नास साली, सबनीस मॅडम आल्या. गवत मंडळाच्या. तिशीतली पोरगी, उन्हानं नाक सोललेलं. दारात चप्पल काढली आणि म्हणाली, "आजी..."

"आजी कुणाची? इठाबाई म्हण."

ती हसली. हातातली काचेची पाटी माझ्यापुढं धरली. पाटीवर जाड कागदाचं चित्र, कागदावर वाळलेलं गवत टाके घालून बसवलेलं, आणि कोपऱ्यात चिठ्ठी. चौथीपर्यंत शिकलेय मी, वाचता येतं. 'स्थानिक नाव: गोडी. ठिकाण: कारंडीचा माळ. माहिती देणारी: सौ. इठाबाई सिदू हुलगे.'

माझं नाव मी तीनदा वाचलं.

मग मॅडमनी समजावलं. आगाशे सरांसारख्या माणसांनी शंभर-दीडशे वर्षं अशी झाडं वाळवून, कागदावर लावून कपाटांत ठेवली आहेत. लाखो कागद. कागदावरचं झाड मेलेलं असतं, पण त्याच्या पानात त्याची सगळी जडणघडण लिहिलेली असते. फक्त फाटलेल्या पोथीसारखी, चिंध्या झालेली. जुनी यंत्रं त्या चिंध्या वाचायची, पण त्यांना त्या जोडता येत नव्हत्या. आता असं यंत्र आलं आहे की ते पानाच्या नखाएवढ्या तुकड्यातून अख्खी पोथी जुळवतं. ती नव्यानं लिहून जवळच्या जातीच्या गवताच्या बीजात घालायची. बी रुजलं की पन्नास वर्षांपूर्वी मेलेली जात पुन्हा उभी.

"आणि तुमची ही गोडी," मॅडम म्हणाली, "दोन पावसांवर वर्ष काढते. सगळं रान वाळवंट होत चाललंय, इठाबाई. असं गवत आम्हाला दुसरं सापडलेलं नाही."

"मग लावा की. मला कशाला विचारता?"

"एक गोष्ट त्या पोथीत नसते. झाड कुठं वाढलं, ते. ते फक्त चिठ्ठीवर असतं. आणि इथं गडबड आहे. मुळांत अडकलेले मातीचे कण यंत्रानं बघितले. ते तांबडे निघाले, टेकावरच्यासारखे. माळाची माती तर काळी, चोपण, पाणी आत न मुरू देणारी. आता यंत्र चुकतंय का चिठ्ठी चुकलीय? आगाशे सर वारले. तुम्हीच एक उरलाय."

मी पाटीकडं बघत राहिले. "समजा टेकावरचं असलं तर?"

"तर पेरणी टेकावर. तिथं माती पातळ, मूळ धरायला बारा वर्षं लागतील. तोवर तारेचं कुंपण, मेंढरू आत नाही. माळ असेल तर एकच पावसाळा बंद, मग चराई खुली."

बारा वर्षं. मी तेव्हा पंचाहत्तर वर्षांची. टेकावर मेंढरं नेणारी शेवटची सून मी. माझ्या दोन्ही सुना शहरात राहतात आणि मेंढराला शिवत नाहीत. कुंपण पडलं असतं तर मी मरेपर्यंत तारेबाहेर उभी. आणि खोटं बोलले हे गावभर झालं असतं ते वेगळंच.

सासूचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, "टेकावर ही गुणाची असते. ओढ्याच्या पाण्यानं बी खाली गेलं आणि काळ्या मातीत उगवलं तर दिसेल तिथं उपट. पावसानं दगा दिला की तिथं ती रुसते. रुसलेल्या रुसवीला मेंढरानं तोंड लावलं तर ते पाण्यापर्यंत पोचत नाही."

हे सगळं मला आठवलं. मी स्वतःशी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, तपासतील. लेकीच्या दारात हिरवं होईल. पाऊस चांगला झाला तर कशाला रुसेल?

"चिठ्ठी बरोबर आहे," मी म्हणाले. "ओढ्याला पूर आला की टेकाची माती माळावर येते. तेच कण असतील."

"सही कराल?"

"सहीच करते. अंगठा लावणारी मी नाही."

काचेवर बोटानं नाव लिहिलं. वेलांटीसुद्धा चुकली नाही.

माळावर उडत्या यंत्रांनी बी टाकलं. एक पावसाळा रान बंद राहिलं. दुसऱ्या वर्षी मी कारंडीला गेले आणि बांधावरच थांबले. गुडघाभर रुसवी, वाऱ्यावर एका अंगाला लवलेली, तुऱ्यांना जांभळी झाक. सेहेचाळीस वर्षांनी दिसली. डोळ्यांत पाणी आलं ते खरंच, पण त्यात आनंद किती आणि जळफळाट किती ते मला वेगळं करता येणार नाही. माझ्या टेकाची लेक तिच्या माळावर नांदत होती.

वन्सं बाजेवर बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, तोंडात एकच दात, तो बरोबर टोमणे मारायच्या जागी.

"ये इठे. बघ माझा माळ. आईनं मला जन्मात टेकावर पाऊल टाकू दिलं न्हाय. लेक म्हणून. आता टेकावर फुफाटा आन् हितं हिरवं. देव बघतो गं."

"देवाला दुसरं काम नसंल, वन्सं."

मालन हसली. माझी मालन बावन्न-त्रेपन्न वर्षांची, केस पिकलेले, पण हसली की लहान दिसते. दोन पोरी लग्न होऊन गेलेल्या, नवरा गेलेला, घरात सासू आणि दारात एकशे साठ मेंढरं. तिनं मला एक कोकरू उचलून दिलं. "आये, वजन बघ. हे गोडीवरचं हाय."

त्या वर्षी मॅडमनी पानं तपासली. निर्मळ निघाली. पाऊस चांगला होता, रुसायला कारणच नव्हतं. मंडळानं माझी चिठ्ठी आणि हा निकाल एका कागदावर छापून माळावरच्या प्रत्येक घराला दिला. मालननं चौकट करून भिंतीवर लावला. खाली माझी सही.

तिसऱ्या वर्षी आषाढातच पाऊस थांबला. श्रावण कोरडा गेला. माळावरचं गवत करपून जमिनीला टेकलं. मग भाद्रपदात एक हलकी सर आली, धूळ बसण्यापुरती. आठ दिवसांनी कारंडीचा एक माणूस दळणाला आला आणि म्हणाला, माळावर पुन्हा कोंब फुटलेत, कोवळे, हिरवेगार.

मी पिठाचा डबा तिथंच ठेवला आणि निघाले.

मालन अंगणात होती. मेंढरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

"मालन, आठ दिस मेंढरं माळावर सोडू नको."

"का गं आये?"

"सांगते म्हणून."

"महिना झाला, बाभळीच्या शेंगांवर जगवलीत. आज कुठं हिरवं दिसतंय. उद्या सकाळी सोडणार."

"आणिक आठ दिस शेंगा घाल. ते कोंब चांगलं न्हाईत."

"चांगलं न्हाईत म्हंजे काय? कशानं?"

बाजेवरून वन्संनी मान वर केली. "मी सांगते कशानं. तिच्या टेकावर कोंब न्हाय, म्हणून माझ्या माळावरचा चांगला न्हाय. लेकीच्या मेंढराच्या तोंडात घास जातोय तो सुदिक हिला टोचतोय."

"वन्सं, मी माझ्या लेकीशी बोलतीय."

"लेक? पस्तीस वर्षं झाली, सून हाय ती माझी. तुझी लेक कवाच संपली."

मालन दोघींकडं बघत होती. मग आत गेली आणि भिंतीवरची चौकट काढून आणली. माझ्यापुढं धरली. आवाज चढवला नाही तिनं.

"आये, हितं लिवलंय, गवत ह्याच माळाचं. खाली तुझी सही. मॅडमनी पानं तपासली. तू आता म्हणतेस, सोडू नको. का, ते सांगत न्हाईस. मी कुणाचं ऐकू? तुझ्या तोंडाचं का तुझ्या सहीचं?"

एकच वाक्य होतं. जिभेवर आलं होतं. 'मी खोटं सांगितलं होतं.' मालन एकटी असती तर बोलले असते. पण वन्सं पुढं सरकून बसल्या होत्या, दात दिसत होता. हे वाक्य त्यांनी ऐकलं असतं तर सरणावर चढेपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत सांगितलं असतं. इठाबाईनं थापा मारल्या आणि सरकारी कागदावर नाव लावून घेतलं.

"सहीचं ऐक," मी म्हणाले. पदर खोचला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फोन आला. मालन बोलली नाही. नुसता मेंढरांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही कमी झाला.

मी पोचले तेव्हा माळावर पांढरे-काळे ढीग पडले होते. काही पाय झाडत होती. तोंडाला फेस, जिभा बाहेर, पोटं टम्म. पाण्याची कुंडी दोनशे पावलांवर होती. एकही तिथपर्यंत पोचलं नव्हतं. मालन एका गाभण मेंढीच्या नाकपुड्यांत तोंडानं वारा भरत होती, थांबत होती, पुन्हा भरत होती. तिचे ओठ फेसानं माखले होते. मेंढी कधीच गेली होती.

मी तिथंच बसले आणि बोलून गेले, "रुसली गं. रुसली."

मालनचं तोंड वर आलं.

"काय म्हणालीस?"

ती मेंढी सोडून माझ्यापुढं आली.

"कोण रुसली, आये?"

मग सांगितलं. मेलेल्या मेंढरांच्या मध्ये बसून सगळं सांगितलं. भारा, ओढा, बोट, गोडी, सासूचं बोलणं, सही. वन्सं काठी टेकत आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांच्या एका टोमण्याला भिऊन मी लेकीचा कळप मारला होता, आणि तो टोमणा त्यांनी मारलाच नाही. खाली बसल्या, एका मेलेल्या कोकराच्या तोंडावरचा फेस पदरानं पुसला आणि मालनच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

मालननं विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस? काल न्हाय, पयल्यापासनं. लहान हुते तवा."

"लेकीला रान सांगत न्हाईत."

"हां." ती हळूच म्हणाली. "परकीला."

एकवीस मेंढरं वाचली. लंगडी, म्हातारी, कळपाच्या मागं राहिलेली. चांगला चारा त्यांच्या वाट्याला येत नव्हता म्हणून वाचली.

सबनीस मॅडम आली ती माळावरचे कोंब उपटून घेऊनच. तिनं सांगितलं ते असं. हे गवत ज्वारीच्या गोतातलं. कोवळ्या ज्वारीला पाण्याचा ताण पडला की तिच्यात विष भरतं, जनावर मरतं, तसंच हे. टेकाच्या तांबड्या मातीत या गवताच्या मुळांवर एक बुरशी राहते, ती खोलवरची ओल मुळांना पोचवते. म्हणून तिथं गवताला ताण पडत नाही. चोपण मातीत ती बुरशी जगत नाही.

"खरं नाव जरी चिठ्ठीवर असतं ना," ती म्हणाली, "तरी मी विचारलं असतं, रुसवी का म्हणतात. नावातच सगळं होतं, इठाबाई."

"माझी चिठ्ठी आता फाडाल," मी म्हणाले.

"आम्ही फाडत नाही. चुकलेली चिठ्ठी तशीच ठेवतात, शेजारी दुसरी लावतात. ते कागद तीनशे वर्षं टिकतात."

तिनं पाटी दाखवली. माझ्या नावाशेजारी नवी चिठ्ठी होती. 'मूळ नोंद चुकीची. माहिती देणारीने नाव व ठिकाण जाणूनबुजून खोटे सांगितले. खरे नाव: रुसवी. खरे ठिकाण: तांबडटेक. दुरुस्ती सांगणारी: मालन बिरा हुबाले.'

दोघींची नावं एका कागदावर. तीनशे वर्षं शेजारी शेजारी.

दिवाळीआधी टेकावर बी टाकलं आणि भोवती तार पडली. माझी मेंढरं भावकीत वाटून दिली. मी रोज सकाळी तारेपर्यंत जाते आणि बघते. आत रुसवी आहे, वीतभर, गुणाची. माझ्याकडं बघत सुद्धा नाही.

वन्सं माघात गेल्या. मातीला गेले तर मालन कारंडी सोडून गेली होती. एकवीस मेंढरं घेऊन, बिऱ्हाड घोड्यावर घालून. कुणाला पत्ता दिला नव्हता. फोन लागत नव्हता.

चैत्रात आठवडी बाजारात ती मला दिसली. मिठाच्या दुकानाजवळ, पाठमोरी. मी हाक मारली. ती वळली. वाळली होती. मी म्हटलं, "मालन, जेवलीस का?"

"जेवले."

"मेंढरं?"

"हाईत."

"किती?"

"हाईत तेवढी."

माणसं मधून जात होती, आम्ही तशाच उभ्या. माझ्या पिशवीत तिच्यासाठी काही नव्हतं. मला ती भेटेल असं वाटलंच नव्हतं.

"तळ कुठं टाकलाय गं?" मी विचारलं. "येईन म्हणते. चार दिस राहीन. आता तू सांगशील ते गवत कापीन."

तिनं मिठाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "जांभळीच्या ओढ्याला. वडाच्या पलीकडं."

तोंड सरळ होतं. आवाजात राग नव्हता. एवढंच म्हणून ती थांबली असती तर मी खरं मानलं असतं, दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून निघाले असते. पण तिनं हात वर केला आणि बाजारावरून, पत्र्यांवरून, उत्तरेला बोट करून दाखवलं.

मी त्या बोटाकडं बघितलं. ते कसं सरळ धरायचं, मनगट कसं हलू द्यायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. चार वर्षांची होती. टाळ्या वाजवून शिकली होती.

"बरं," मी म्हणाले. "त्या वाटंनं जाते."

माझं गाव दक्षिणेला. पण ती मागं उभी राहून बघत होती, म्हणून मी उत्तरेला चालायला लागले.